दोनदा धरलेलं श्रिंकेज

मला माझ्या कामाचा गर्व आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाई फार स्वतःची टिमकी वाजवते. वाजवते, आणि कारण असल्याशिवाय वाजवत नाही.

उचगावात माझं छोटं डिझाइन ऑफिस आहे. तिथं आम्ही फाउंड्र्यांसाठी पॅटर्न तयार करतो. पॅटर्न म्हणजे जी वस्तू ओतायची तिचा हुबेहूब नमुना. तो वाळूत दाबायचा, अलगद उचलून घ्यायचा, आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. माझे वडील, आमचे आण्णा, हे नमुने चाळीस वर्षं सागवानात कोरत होते. मी ते कॉम्प्युटरवर काढते आणि मशीनवर घडवते. आण्णांच्या पिढीत असं काम करणाऱ्याला मिस्त्री म्हणत. मला गिऱ्हाइकं मॅडम म्हणतात, आणि आण्णा काहीच म्हणत नसत. घरी पाहुणे आले की सांगायचे, "पोरगी कॉम्प्युटरवर असती." जणू मी कुठंतरी बसून सातबाराचे उतारे काढून देते.

एकदा मी चिडून विचारलं, तर म्हणाले, "तू माउस हलवतीस, मशीन कोरतंय. मग मिस्त्री कोण? तू का मशीन?" यावर माझ्याकडं दहा उत्तरं होती. दहाही देऊन झाली. आण्णा कानावरची पेन्सिल काढून परत कानावर ठेवत. निवृत्त झाले तरी ती पेन्सिल कानावर असतेच.

आण्णांची एक जुनी मोटार आहे. गोल नाकाची, मोतिया रंगाची. माझ्या जन्माच्या वर्षी त्यांनी ती जुनीच घेतली होती. तिच्या नाकावर एक मोनोग्राम होता: मधे गोल तबकडी, दोन्ही बाजूंना पसरलेले पंख, प्रत्येक पंखाला सात पिसं. ती गाडी मला आवडायची ती त्या मोनोग्रामसाठी. शाळेत चित्रकलेच्या वहीत मी मोर काढला तरी त्याला तसलेच पंख यायचे. बाकीच्या मुलींच्या मोरांची पिसं सरळ असत, माझ्या मोराची पोटाशी जरा फुगीर. मला आजही वाटतं की वस्तूचा आकार म्हणजे काय, हे मी पहिल्यांदा त्या पिसांवरून बोट फिरवताना शिकले.

गाडी कुठंही उभी केली की कुणीतरी थांबायचं आणि विचारायचं, "मोनोग्राम ओरिजनल काय ओ?" आण्णा म्हणायचे, "हाय की." आणि लगेच टायरला हवा आहे का ते बघायला वाकायचे. हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यात काही विशेष असेल असं कधी मनातही आलं नाही.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर आण्णांना डोळे तपासायला राजारामपुरीत नेलं. मोतीबिंदू काढून वर्ष झालं होतं, नेहमीची तपासणी. दवाखान्यातून बाहेर येतो तर एक टेम्पो मागं घेताना आमच्या गाडीच्या नाकाला टेकलेला. गाडीला काही झालं नव्हतं. पण मोनोग्रामचा उजवा पंख तुटून गटारात गेला होता. टेम्पोवाला मनापासून हळहळला आणि म्हणाला, "पावणं, येवढं काय न्हाय. दुसरं कसलं बी आणून चिकटवा की. लांबनं कोण बघतंय?"

आण्णांनी उरलेला तुकडा काढून रुमालात गुंडाळला आणि खिशात ठेवला. घरी येऊन गाडीवर कापड घातलं आणि सांगितलं, "यंदा वाडीला यष्टीनं जायचं."

दर वर्षी मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी आम्ही त्या गाडीतून नृसिंहवाडीला जातो. आई पुढं बसते, मी मागं. दत्ताचं दर्शन, संगमावर पाच मिनिटं, येताना कवठाची बर्फी. यात कधी खंड नव्हता. मी म्हटलं, "आण्णा, गाडी चालती की. मोनोग्रामवाचून काय अडलंय?"

"नाक तुटलेलं घिऊन देवाच्या दारात न्हाय जायचं. आणि बाजारातलं डुप्लिकेट आणलंस तर बघ."

"मग मी करून देते."

"तू न्हवं. मशीन."

माझं डोकं फिरलं. "वाडीच्या आधी बसवून दाखवते. कानस लावायला लागू नये असा बसला, तर मला मिस्त्री म्हणायचं."

आण्णा म्हणाले, "बसला तर बघू." आणि रुमालातला तुकडा माझ्या हातात दिला. तो त्यांनी इतक्या सहज दिला याचं मला तेव्हा आश्चर्य वाटायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये मी बाकीची कामं बाजूला सारली. तुकडा स्वच्छ धुतला. तुटलेली कड पिवळी होती, म्हणजे वरून क्रोमचं पाणी आणि आत पितळ. त्या काळातले मोनोग्राम बहुतेक पांढऱ्या, हलक्या धातूचे असत. मी स्वतः ओतकामाच्या धंद्यात आहे, तरी मी काय समजले? तर पूर्वीच्या कंपन्या किती दर्जेदार माल वापरायच्या. चौदा वर्षांच्या अनुभवाचा हा निष्कर्ष.

तुकडा स्कॅनरवर ठेवला, शेजारी स्टीलची पट्टी ठेवली, म्हणजे मापाचा अंदाज राहतो. ते चित्र कॅडमध्ये, म्हणजे आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, घेऊन त्यावरून रेघा ओढायला लागले. तबकडी दोन मिनिटांत झाली. पिसांनी मात्र दोन दिवस खाल्ले. प्रत्येक पिसाची वळणरेघ वेगळी होती. तिसरं पीस बाकीच्यांपेक्षा जरा जाड, सहाव्याचं टोक किंचित खाली. कॅडमधली वळणरेघ ठरावीक बिंदूंवर बेतलेली असते. बिंदू कमी ठेवले की रेघ गुळगुळीत येते आणि आकार हरवतो, जास्त ठेवले की रेघ थरथरते. कुठं किती बिंदू हवेत हे सॉफ्टवेअर सांगत नाही, ते हातानंच कळावं लागतं. आण्णांना मशीन कोरताना दिसतं, त्याच्या आधीचं हे दिसत नाही, आणि मनाला तेवढंच लागतं.

डावा पंख झाल्यावर उजवा आरशातल्यासारखा उलटा करून घेतला. तो एका क्लिकचा खेळ. मग मोनोग्रामच्या पाठीमागचे दोन खिळे, जे गाडीच्या नाकावरच्या दोन भोकांत बसतात, त्यांचं अंतर बघितलं. माझ्या चित्रात एकशे बावीस मिलिमीटर आलं.

खात्री करायची म्हणून जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या एका ग्रुपवर विचारलं. पुण्याच्या एका गृहस्थांकडं तसलीच गाडी होती, मोनोग्रामसकट. त्यांनी तो काढून मापं पाठवली. खिळ्यांचं अंतर एकशे चोवीस. मी त्यांना नम्रपणे कळवलं की व्हर्निअर धरताना तो तिरका होत नाही ना ते बघावं, आणि व्हर्निअर जुना असेल तर त्याची शून्याची खूण तपासावी. त्यांचं उत्तर आलं, की ते तीस वर्षं एका कारखान्यात मापतपासणी खात्यात होते आणि व्हर्निअर कसा धरायचा हे त्यांना साधारण माहीत आहे. मी माफी मागितली. त्यांनी मोठ्या मनानं सगळीच मापं पाठवून दिली.

मी त्यांची मापं आणि माझी मापं शेजारी शेजारी लिहिली. त्यांची तबकडी चाळीस, माझी एकोणचाळीस पूर्णांक चार. त्यांची लांबी एकशे बासष्ट, माझी एकशे एकोणसाठ पूर्णांक पाचच्या जरा वर. प्रत्येक माप माझंच लहान, आणि प्रत्येक ठिकाणी सारख्याच हिशेबानं: शंभराला दीड.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. वितळलेला धातू थंड होताना आकसतो. पितळ साधारण शंभराला दीड आकसतं. म्हणून पॅटर्न मुळात तेवढा मोठा करायचा असतो, त्याला श्रिंकेज धरणं म्हणतात. आण्णांकडं त्यासाठी खास पट्ट्या होत्या, ज्यांचा प्रत्येक सेंटिमीटर मुद्दाम थोडा ताणलेला असे. त्या पट्टीनं मापलं की हिशेब करावा लागत नाही. मी चौथीत असताना त्यांची पितळेसाठीची पट्टी चुकून दप्तरात नेली, तर भूमितीच्या तासाला माझी दहा सेंटिमीटरची प्रत्येक रेघ बाईंच्या पट्टीवर दीड मिलिमीटर लांब भरायची. बाईंनी हातावर दिली. आण्णा आठवडाभर हसत होते.

तर शंभराला दीडचा आकडा बघितल्यावर आमच्या घरातलं कुणीही ओळखेल. आमच्या गाडीवरचा मोनोग्राम कंपनीचा नव्हताच. कुणीतरी खऱ्या मोनोग्रामची मापं घेऊन पॅटर्न कोरला होता, पितळेत ओतला होता, आणि श्रिंकेज धरायला विसरलं होतं.

मी घरी जाऊन गाडीवरचं कापड उचललं. डावीकडचं भोक गोल होतं. उजवीकडचं लांबट. त्याची बाहेरची कड एकशे चोवीसला येत होती, आतली एकशे बावीसला. रंगाच्या खाली गोल कानशीच्या खुणा होत्या. मोनोग्राम आखूड पडला म्हणून भोकच आतल्या अंगाला घासून वाढवलं होतं. आणि त्या खुणा मी ओळखते. आण्णा कानस मारतात ती नेहमी डावीकडं किंचित झुकती असते.

मला पहिल्यांदा हसू आलं. मग राग आला. या माणसानं माझ्या कामातला अर्धा मिलिमीटर पकडला होता. दहावीच्या सुट्टीत मी लाकडात केलेला पहिला पॅटर्न श्रिंकेज चुकलं म्हणून त्यांनी माझ्यासमोर चुलीत घातला होता. आणि स्वतःच्या गाडीच्या नाकावर श्रिंकेज विसरलेलं पितळ घेऊन हा माणूस इतकी वर्षं "हाय की" म्हणत हिंडत होता.

राग संध्याकाळपर्यंत टिकला. मग पुण्याच्या गृहस्थांनी पाठवलेले फोटो परत बघितले. कंपनीच्या मोनोग्रामची पिसं सरळ होती, सगळी एकसारखी, बाकीच्या मुलींच्या मोरासारखी. पोटाशी फुगीर पिसं कंपनीची नव्हतीच. लहानपणापासून मी ज्यावरून बोट फिरवत आले, ते आण्णांच्या पटाशीचं काम होतं. मला इतका अभिमान वाटला की मी ऑफिसातल्या दोघांना बोलावून तो तुकडा दाखवला, आणि काही न सांगताच परत पाठवलं. ते माझ्याकडं बघत बघत गेले.

आता प्रश्न होता की करायचं काय. कंपनीचा करायचा तर पुण्याची मापं होती. आण्णांचा करायचा तर तुकडा होता. मी मधलं ठरवलं. आकार आण्णांचा, माप बरोबर. आण्णांचा पंख घेतला आणि शंभराला दीडनं मोठा केला. त्यांचं राहिलेलं श्रिंकेज धरलं. मग या वेळच्या ओतकामासाठी पुन्हा शंभराला दीड. एकाच वस्तूला दोनदा श्रिंकेज धरलेलं मी तरी कधी ऐकलेलं नाही.

उजवा पंख मी पुसून टाकला. आरशातून काढलेला तो पंख निर्जीव दिसत होता. हातानं कोरलेले दोन पंख कधी सारखे नसतात. मी चार वर्षांची असताना गाडीच्या नाकापाशी उभी आहे, असा एक फोटो आहे. तो मोठा करून त्यातून उजवी पिसं एकेक करून काढली. त्या बाजूचं पाचवं पीस जाड होतं. ते जाडच ठेवलं.

थ्री-डी प्रिंटरवर पॅटर्न काढला, घासला, रंगवला आणि चाचांकडं घेऊन गेले. चाचा म्हणजे पितळेचे जुने ओतारी, आण्णांच्या बरोबरीचे. आता कारखाना मुलं बघतात, पण वाळू कालवायला ते अजून स्वतः बसतात. त्यांनी पॅटर्न हातात घेतला, पालथा केला, उताणा केला, आणि पिसावर अंगठा फिरवला.

"ही पिसं तर तुझ्या बापाच्या हातची हायत."

"तुम्हीच ओतलं होतं ना, चाचा?"

चाचांनी पॅटर्न खाली ठेवला. "तुला कळलं व्हय? मग सांगाय हरकत न्हाय. तू जन्मलीस, आणि तुझ्या बापाच्या मनात आलं की पोरीला दवाखान्यातनं आणायचं तर गाडीला मोनोग्राम पायजेच. गाडी घेतली तवाच तो गायब हुता. कुणाच्या तरी गाडीचा बघून माप घेतलं, रातदिस बसून लाकडात कोरला, मी ओतला. बसवाय गेलो तर ह्यो आखूड. म्हटलं, परत कर. तर म्हणला, उद्या सकाळी पोरगी घरी येनार. कानस घेतली आणि भोकच वाढवलं."

"मग नंतर का नाही केला?"

"त्ये त्यालाच इचार. मला म्हणला हुता, कुणाला बोलू नको. म्या न्हाय बोललो. तूच वळखलंस."

चाचांनी ओतून दिला. मी पॉलिश केला, क्रोमचं पाणी चढवून आणलं. मार्गशीर्ष लागायला चार दिवस होते.

आण्णांनी गाडीवरचं कापड काढलं. मोनोग्राम हातात घेतला आणि बराच वेळ पिसं बघितली. बसवायला गेले. डावा खिळा भोकात गेला. उजवा त्यांनी सवयीनं भोकाच्या आतल्या कडेला नेला. तिथं तो बसेना. पुन्हा नेला. मी हात मागं बांधून उभी होते. मग त्यांनी खिळा जरा बाहेरच्या बाजूला सरकवला, आणि मोनोग्राम आवाजही न करता जागेवर बसला.

आण्णा तसेच वाकलेले राहिले.

"किती धरलंस?"

"तीन टक्के. वर थोडं."

"पितळंला दीड असतंय."

"दीड ह्या वेळचं. दीड मागच्या वेळचं राहिलेलं."

त्यांनी फडकं घेतलं आणि तबकडी पुसायला लागले. ती आधीच स्वच्छ होती. पुसून झाल्यावर म्हणाले, "दुसऱ्याच्या कामात कधी इसरलो न्हाय. आपलं करतानाच इसरलो."

"मग नंतर नवीन का नाही केला?"

"तू त्येच्यावरनं बोट फिरवायचीस. दोन वर्षाची असल्यापासनं. काढून नवा लावला असता तर तो तुझा ऱ्हायला नसता." एवढं बोलून ते हात धुवायला गेले आणि आतून ओरडून आईला चहा टाकायला सांगितला.

आणि तरीही, खरं सांगते, मनात एक बारीक कुसळ राहिलंच. कानस न लावता बसला होता. पैज मी जिंकले होते. तो एक शब्द काही आला नाही. मागून घ्यायला मी कमी करत नाही, पण या वेळी मागितला नाही.

गुरुवारी आम्ही वाडीला निघालो. आई पुढं, मी मागं. उसाच्या ट्रॉल्यांमुळं पोचायला उशीर झाला. दर्शन झालं, संगमावर पाच मिनिटं झाली. बर्फी घेऊन गाडीपाशी आलो, तर एक धोतर-टोपीवाले गृहस्थ गाडीच्या नाकापाशी वाकून बघत होते.

"पावणं," ते आण्णांना म्हणाले, "मोनोग्राम ओरिजनल काय ओ?"

मी मागचं दार उघडलं होतं. "हाय की" यायची वेळ झाली होती. त्यानंतर टायर बघायला वाकायची.

आण्णा म्हणाले, "न्हाय."

ते गृहस्थ जरा हिरमुसले. आण्णा सरळ उभे होते. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि तिच्या टोकानं एकेक पीस दाखवत म्हणाले, "न्हाय ओ. ह्यो आमच्या मिस्त्रीनं केलाय. बघा की कसा बसलाय. कुठं कानस लावली न्हाय."

"बघा तरी," गृहस्थ म्हणाले. "माझ्या जीपचा बी गेलाय. कुठं असतोय ह्यो मिस्त्री? पत्ता द्या की."

आण्णांनी बर्फीचा पुडा माझ्याकडं केला. "ही काय हितं उभारलीया. इचारा तिलाच."

मी त्यांना उचगावचा पत्ता सांगितला. आवाज नीट फुटत नव्हता, म्हणून दोनदा सांगावा लागला.